ब्रिटनमध्ये नवीन आहात? गावोगावचं इंग्रजी कानावर कसं घ्यायचं

इंग्रजी माध्यमातून शिकलेली, इंग्रजीच्या परीक्षेत उत्तम बँड (श्रेणी) मिळवून आलेली मुलं लीड्सला नाहीतर ग्लासगोला उतरतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा धीर सुटतो. बसचा ड्रायव्हर काय विचारतोय ते कळत नाही, दुकानातल्या बाई काय म्हणाल्या ते कळत नाही, रुग्णालयाच्या वॉर्डातले आजोबा तेच वाक्य तीनदा बोलले तरी डोक्यात प्रकाश पडत नाही. मग वाटायला लागतं, आपल्याला इंग्रजी येतच नाही की काय. मी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं राहते आणि नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून हे सतत ऐकते. त्यांना मी सांगते ते असं: शाळेत आणि टीव्हीवरच्या बातम्यांत जे इंग्रजी आपण ऐकलं, ते तसं बोलणारे लोक या देशात फार थोडे आहेत. बाकीचे आपापल्या गावचं बोलतात. त्यांचे फरक वाटेल तसे नसतात, नियमाने होतात, आणि नियम कळले की कान पटकन सरावतो. तुम्हाला गोऱ्यांसारखं बोलायला शिकायचं नाहीये. ऐकायला शिकायचं आहे, आणि स्वतःच्या बोलण्यात मोजक्याच गोष्टी सुधारायच्या आहेत.

पहिली पायरी: आपल्या गावाचं नाव गावकऱ्यांसारखं घ्या

हे काम तिकीट काढायच्या आधी करा. आपल्याकडे वर्तमानपत्रांत नावं स्पेलिंगवरून लिहिली जातात, त्यामुळे लीसेस्टर, वॉर्विक, ग्रीनविच, एडिनबर्ग हीच रूपं डोक्यात बसलेली असतात. इथे लेस्टर, वॉरिक, ग्रेनिच आणि एडिन्बरा म्हणतात. वुस्टर, ग्लॉस्टर, नॉरिच, डार्बी, रेडिंग ही नावं तशीच पाठ करावी लागतात. लफ्बरा (Loughborough) विद्यापीठाचं नाव स्पेलिंग बघून बरोबर घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. स्लाउचा उच्चार काउसारखा, लंडनमधलं सदक (Southwark) ऐकून शिकायचं, यॉर्कशरमधलं कीथली (Keighley) तर स्पेलिंगवर अजिबात अवलंबून नाही. ग्लासगोजवळच्या एका गावाच्या स्पेलिंगमध्ये (Milngavie) एन आणि व्ही दोन्ही आहेत आणि उच्चार आहे मल्गाय.

काही नावांवर गावातच एकमत नसतं. श्रूझबरी की श्रोझबरी हा वाद त्या गावात पिढ्यान्पिढ्या चालू आहे. न्यूकॅसलचे लोक ‘कॅ’वर जोर देतात, दक्षिणेतले लोक ‘न्यू’वर जोर देऊन ‘न्यूकासल’ म्हणतात. तुम्ही तिथे राहणार असाल तर गावकऱ्यांचं धरा.

दुसरी पायरी: दोन स्वर पक्के करा

एवढी एक पायरी नीट चढलात तर निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला स्वर ‘कप’मधला. लंडन आणि दक्षिणेकडे तो आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे, आपण शाळेत शिकलो तसाच. उत्तर इंग्लंडमध्ये आणि मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, बऱ्याच भागात तो ‘पुट’मधला ‘उ’ होतो. कप म्हणजे कुप, बस म्हणजे बुस, लंच म्हणजे लुंच, मंडे म्हणजे मुंडे, प्लमर म्हणजे प्लुमर. लीड्सच्या बाजारात चहाच्या टपरीवर गेलात की काउंटरमागच्या बाई विचारतात, “वॉट कॅन आ गेट यू, लुव्ह?” तुम्ही चहा सांगितलात की त्या मागे वळून ओरडतात, “कुप अ टी!” मग पैसे घेताना “टा, लुव्ह” म्हणतात. या सगळ्यात नवा शब्द एकच, ‘टा’ म्हणजे थँक्यू. बाकी सगळं तुम्हाला येत होतं, फक्त ‘अ’च्या जागी ‘उ’ होता.

ऐकताना उलटं करायचं: उत्तरेत अनोळखी शब्दात ‘उ’ आला की मनात तिथे ‘अ’ घालून बघा. ‘मुच’, ‘ब्रुदर’, ‘सुंडे’ लगेच ओळखीचे होतात.

दुसरा स्वर ‘बाथ’मधला. दक्षिणेत बाऽथ, ग्लाऽस, ग्राऽस, पाऽथ, डाऽन्स, आऽफ्टर, लाऽफ असा लांब ‘आ’. उत्तरेत या सगळ्यांत ‘बॅट’मधलाच आखूड स्वर: बॅथ, ग्लॅस, ग्रॅस, डॅन्स, अ‍ॅफ्टर. मात्र फादर, हाफ, पाम उत्तरेतही लांबच राहतात. आणि ‘गॅस’ दक्षिणेतही आखूडच आहे, त्यामुळे स्पेलिंग बघून अंदाज बांधू नका. एकेक शब्द कानाने गोळा करायचा.

या दोन्ही स्वरांची सीमारेषा ढोबळमानाने पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉश नावाच्या आखातापर्यंत जाते. बर्मिंगहॅम रेषेच्या वर येतं. हे अंदाजाने सांगत नाही. लीड्स विद्यापीठातल्या हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडभर ३१३ ठिकाणी बोलींची पाहणी झाली. तेराशेच्या वर प्रश्नांची यादी घेऊन अभ्यासक खेड्यापाड्यांत जात आणि शक्यतो तिथेच जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या वयस्क माणसांकडून उत्तरं नोंदवत. त्या नोंदींवरून काढलेल्या नकाशांवर या रेषा स्पष्ट दिसतात.

आता या स्वरांचा इतिहास ऐका, कारण तो ठाऊक असला की उत्तरेच्या बोलण्याला कुणी ‘बिघडलेलं इंग्रजी’ म्हटलं तर मान डोलावणार नाही. सतराव्या शतकापर्यंत ‘कप’, ‘सन’, ‘लव्ह’ यांत दक्षिणेतही ‘उ’च होता. दक्षिणेने तो बदलला, उत्तरेने ठेवला. ‘बाथ’ची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. तिथेही आखूड स्वर जुना. लांब ‘आ’ दक्षिणेत नंतर रुजला आणि सुरुवातीला त्याला चांगलं कुणी म्हणत नव्हतं. १७९१ साली लंडनमध्ये जॉन वॉकर यांचा उच्चारकोश निघाला, त्यात त्यांनी ‘ग्लास’, ‘फास्ट’ अशा शब्दांतला लांब ‘आ’ जवळजवळ अशिष्टपणाच्या सीमेवर नेऊन बसवला आहे. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत तोच ‘आ’ उच्चभ्रूंची खूण झाला. शुद्ध आणि अशुद्ध हे उच्चाराच्या आत दडलेलं नसतं, ज्यांच्या हातात सत्ता आणि पैसा असतो त्यांच्या तोंडून ते ठरतं. मला ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगावीशी वाटते.

उत्तरेतही सगळे एकसारखे नाहीत. शिकलेले, नोकरीनिमित्त देशभर फिरलेले लोक ‘कप’मध्ये ‘उ’ही नाही आणि ‘अ’ही नाही असा मधलाच स्वर काढतात. पण तीच माणसं ‘बाथ’ मात्र ठामपणे आखूडच म्हणतात. तो त्यांच्या अभिमानाचा भाग आहे. प्राध्यापक असोत, डॉक्टर असोत, ‘बाऽथ’ म्हणणं त्यांना दक्षिणेची नक्कल वाटते.

तिसरी पायरी: ‘र’ कुठे आहे आणि कुठे नाही

मराठी माणूस लिहिलेला प्रत्येक ‘र’ उच्चारतो. कार, पार्क, डॉक्टर, वॉटर. इंग्लंडच्या बहुतेक भागात स्वरानंतरचा ‘र’ अठराव्या शतकापासून गळत गेला: काऽ, पाऽक, डॉक्टअ. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा, म्हणजे ब्रिस्टल, डेव्हन, कॉर्नवॉल, इथे तो अजून ऐकू येतो. स्कॉटलंडमध्ये गेलेल्या मराठी लोकांना या एका बाबतीत बरं वाटतं, कारण तिथला ‘र’ आपल्यासारखा जिभेचा आहे.

याला एक पुरवणी आहे. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गळलेला ‘र’ परत येतो आणि कधीकधी मुळात नसलेलाही येऊन बसतो. ‘लॉ अँड ऑर्डर’ ऐकायला ‘लॉ-रँड-ऑडअ’ येतं, ‘आयडिया ऑफ’चं ‘आयडिया-रॉव्ह’ होतं. हे टीव्हीवरचे निवेदकही करतात. गोंधळू नका, तो ‘र’ दोन शब्दांना जोडायला येतो.

तुम्ही तुमचा ‘र’ सोडू नका. त्याने कुणाला तुमचं बोलणं कळायचं राहत नाही. शिवाय ‘र’ गाळणं म्हणजे सुसंस्कृत हा समज समुद्रापार उलटा होतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरच्या वस्तूबद्दल विचारून ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द बोलायला लावले. महागड्या दुकानातले विक्रेते ‘र’ जास्त उच्चारत होते, स्वस्त दुकानातले कमी. तिथे ‘र’ म्हणणारा वरचा, लंडनमध्ये ‘र’ न म्हणणारा वरचा.

चौथी पायरी: शब्दातून गायब होणारे आवाज

‘ट’ गिळला जातो. ‘वॉटर’चं ‘वॉ–अ’, ‘बॉटल’चं ‘बॉ–ल’, ‘लिटल’चं ‘लि–ल’. तिथे ‘ट’च्या जागी गळ्यात श्वास क्षणभर अडतो. हा आवाज मराठी लिपीत नाही, पण ऐकलात की ओळखाल. लंडन आणि ग्लासगोमध्ये तो जुना आहे, आता तरुणांमध्ये जवळपास सगळ्या शहरांत ऐकू येतो. शब्दाच्या शेवटचा ‘ट’ तर सुशिक्षित मंडळीही गिळतात.

‘थ’चा ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘व्ह’: थिंकचं फिंक, मदरचं मव्हर. लंडनमधून हे उत्तरेच्या शहरांपर्यंत पोचलं आहे. यात एक खरा धोका आहे. ‘थर्टी’ कानाला ‘फऽटी’ येतं आणि ‘फॉर्टी’ ‘फॉऽटी’. भाडं, औषधाची मात्रा, बसचा नंबर, अपॉइंटमेंटची वेळ यांत ही चूक परवडत नाही. “थ्री झिरो की फोर झिरो?” असं आकड्याने विचारा. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’साठीही हाच उपाय.

‘ह’ गळतो: हॉस्पिटलचं ‘ऑस्पि–ल’, हाउसचं ‘आउस’. यॉर्कशरमध्ये ‘द’ हा शब्दच आखडून नुसता एक झटका उरतो. “आम गोइन त शॉप” यात ‘टू’ आणि ‘द’ दोन्ही त्या एका ‘त’मध्ये आहेत. ‘गोइंग’चा ‘ग’ तर देशभर गळतो.

पाचवी पायरी: तुमच्या शहराची एक-दोन वैशिष्ट्यं

सगळी शिकत बसू नका, तुमचं शहर तेवढं बघा.

लिव्हरपूलमध्ये शब्दाच्या मधला आणि शेवटचा ‘क’ घसरत ‘ख’कडे जातो: चिकनचं ‘चिखन’, बॅकचं ‘बॅख’, अगदी घासून काढलेल्या ‘ख’सारखं. शिवाय ‘हेअर’ आणि ‘हर’ एकसारखे ऐकू येतात. एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे आयर्लंडमधून मोठ्या संख्येने लोक या बंदरात आले, त्यांच्या बोलण्याची छाप तिथल्या इंग्रजीवर आहे.

बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या पट्ट्यात ‘सिंगर’, ‘सिंगिंग’ यांतला ‘ग’ स्पष्ट ऐकू येतो. मराठी माणूसही तो ‘ग’ स्पष्टच म्हणतो, तेव्हा तिथे निदान याबाबतीत तुमचा उच्चार स्थानिक ठरतो. बर्मिंगहॅममध्ये ‘फाइव्ह’ ‘फॉइव्ह’च्या दिशेने जातं आणि आईला ‘मॉम’ म्हणतात.

न्यूकॅसलच्या जुन्या बोलण्यात ‘टाउन’चं ‘टून’ होतं, म्हणूनच तिथल्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांना टून आर्मी म्हणतात. ‘वर्क’ तिथे ‘वॉक’सारखं ऐकू येऊ शकतं आणि ‘वॉक’ ‘वाऽक’सारखं. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण पेशंट चालण्याबद्दल बोलतोय की कामावर जाण्याबद्दल हे कळायला हवं.

ग्लासगोत ‘हाउस’चं ‘हूस’, ‘पूल’ आणि ‘पुल’ एकसारखे. ‘विच’ या दोन शब्दांत स्कॉटलंडचे अनेक लोक फरक करतात: ‘कुठला’ विचारताना आधी हवा सोडून ‘ह्विच’, चेटकीण म्हणताना साधं ‘विच’. आणि ‘फिल्म’ला तिथे, आयर्लंडमध्ये आणि ईशान्य इंग्लंडमध्ये ‘फिलम’ म्हणतात. आपल्या आजीचा ‘फिलिम’ तिथे कुणालाच खटकला नसता.

ब्रिस्टलमध्ये ‘आ’ने संपणाऱ्या शब्दाला जुने लोक ‘ल’ जोडतात, ‘आयडिया’चं ‘आयडियल’ करतात. पूर्व लंडनमध्ये ‘डे’चं ‘डाय’, ‘फेस’चं ‘फाइस’. मात्र त्याच लंडनमध्ये कॅरिबियन, आफ्रिकन, दक्षिण आशियाई कुटुंबांच्या शेजारात वाढलेली तरुण मुलं वेगळंच बोलतात. त्यांचा ‘फेस’ सरळ, आपल्या ‘ए’च्या जवळचा असतो आणि ‘थिंग’चं ‘टिंग’ होतं. तुम्हाला ते जुन्या लंडनकरांपेक्षा लवकर कळेल.

सरावासाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे तुमच्या भागाचा रेडिओ. बीबीसी रेडिओ लीड्स, रेडिओ मर्सीसाइड, रेडिओ न्यूकॅसल अशी केंद्रं आहेत. बातम्या ऐकू नका, लोक फोन करून फुटबॉलबद्दल, रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल बोलतात ते ऐका. विषय माहीत असला की उच्चाराकडे लक्ष देता येतं.

सहावी पायरी: उच्चारामागची प्रतवारी ओळखा

गाव कळलं तरी आणखी एक थर उरतो. एकाच गावातले दोन लोक वेगळं बोलतात, कारण ते वेगळ्या घरांतून, वेगळ्या शाळांतून आलेले असतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाकडे आपल्या शहरांतल्या वर्गांत कसं बघितलं जातं, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. इथेही तसंच आहे आणि तितकंच अन्यायाचं आहे.

‘स्कोन’ घ्या, चहाबरोबर मिळणारा लोणी-जॅमचा पावासारखा पदार्थ. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये बहुतेक लोक ‘गॉन’च्या चालीवर ‘स्कॉन’ म्हणतात, इतरत्र ‘कोन’च्या चालीवर ‘स्कोन’ही भरपूर ऐकू येतं. यावर लोक मनापासून भांडतात आणि दोन्ही बाजू समोरच्या उच्चाराला कधी दिखाऊ, कधी गावठी ठरवतात. तुम्ही जो गळी उतरेल तो म्हणा. याच स्पेलिंगचं स्कॉटलंडमध्ये एक गाव आहे, त्याचा उच्चार मात्र ‘स्कून’. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड तिथला.

‘एच’ या अक्षराचं नाव हाही असाच नाजूक मामला. आपण ‘एच’ म्हणतो ते इथे प्रमाण मानतात. ‘हेच’ तरुणांमध्ये वाढतंय आणि अनेक वडीलधाऱ्यांना ते टोचतं. उत्तर आयर्लंडमध्ये तर कॅथलिक ‘हेच’ आणि प्रोटेस्टंट ‘एच’ म्हणतात अशी जुनी विभागणी आहे. बेलफास्टला जाणार असाल तर कुणाच्या ‘हेच’वर शेरा मारू नका.

गॅराज की गॅरिज, ऑफन की ऑफ्टन, स्केड्यूल की शेड्यूल, आयदर की ईदर यांवर वेळ घालवू नका. दोन्ही चालतं.

‘गोइंग’चा ‘ग’ किती वेळा गळतो हेही घराच्या आर्थिक स्थितीशी जोडलेलं आहे, हे भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी आपल्याच गावी, नॉरिचमध्ये, अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवलं. जसजसं वरच्या वर्गाकडे जावं तसा ‘ग’ जास्त टिकतो, आणि सारख्याच वर्गात बायका पुरुषांपेक्षा तो जास्त टिकवतात. एकच माणूस मुलाखतीत ‘वर्किंग’ आणि पबमध्ये ‘वर्किन’ म्हणतो. तेव्हा एखादा सहकारी बैठकीत समजतो आणि जेवणाच्या सुट्टीत समजत नाही, याचं कारण तुमचा कान नाही, त्यानेच आवाज बदललेला असतो.

समोरच्याने बोललेलं कळलं नाही तर काय म्हणायचं, यालाही प्रतवारी आहे. १९५४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातले अ‍ॅलन रॉस यांनी हेलसिंकीच्या एका भाषाविषयक नियतकालिकात इंग्लंडच्या उच्चवर्गाच्या बोलण्याच्या खुणांवर लेख लिहिला, आणि त्यातून देशभर मोठी चर्चा झाली. त्या जुन्या उच्चवर्गीय हिशेबात ‘पार्डन?’ हा मध्यमवर्गाचा शब्द, तर ‘व्हॉट?’ हा वरच्यांचा. आपल्याला शाळेत ‘पार्डन’च सभ्य म्हणून शिकवलेला असतो, आणि कामगारवर्गात व मध्यमवर्गात तो आजही सभ्यच आहे. या भानगडीत पडायचं नसेल तर ‘सॉरी?’ म्हणा. ते कुठेही, कुणालाही चालतं.

भारतीय उच्चारांकडे कसं बघितलं जातं, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात देव्यानी शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या उच्चारांविषयीच्या पूर्वग्रहांचा मोठा अभ्यास केला. लोकांना उच्चारांच्या नावांना गुण द्यायला सांगितले, तेव्हा उच्चभ्रू दक्षिणी इंग्रजी वर आणि बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, भारतीय हे उच्चार खालच्या बाजूला, हा दशकानुदशकं दिसणारा क्रम पुन्हा दिसला. पण त्याच अभ्यासात वकिली क्षेत्रातल्या अनुभवी लोकांना मुलाखतीची उत्तरं ऐकवली, तेव्हा त्यांनी उच्चार बाजूला ठेवून उत्तर चांगलं की वाईट हे बऱ्यापैकी ओळखलं. म्हणून मुलाखतीच्या तयारीत उच्चार पॉलिश करण्यात रात्री घालवू नका. उत्तरात काय सांगायचं ते घोटा.

सातवी पायरी: स्वतःच्या बोलण्यात एवढंच बदला

पहिलं, जोर. मराठीत शब्दातल्या सगळ्या अक्षरांना आपण जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. जोर चुकला की शब्दच ओळखू येत नाही, मग बाकीचे आवाज कितीही बरोबर असोत. डेव्हलपमध्ये जोर ‘व्हे’वर, होटेलमध्ये ‘टेल’वर, इव्हेंटमध्ये ‘व्हेंट’वर, कमिटीमध्ये ‘मि’वर, फोटोग्राफरमध्ये ‘टॉ’वर. ‘फटॉग्रफअ’ असं काहीतरी ऐकू येतं ते त्यामुळेच. तुमच्या कामात रोज लागणारे वीस-पंचवीस शब्द घ्या आणि त्यांचा जोर कोशातून तपासून वहीत लिहा. याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही.

दुसरं, शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपले हे आवाज कोरडे असतात. इंग्रज त्यांच्यामागे हवेचा झोत सोडतात, जवळपास आपल्या फ, ठ, ख इतका. तो नसला की त्यांना ‘पॅट’चं ‘बॅट’ ऐकू येतं. तोंडासमोर तळहात धरून ‘पेन’, ‘टी’, ‘कार’ म्हणा आणि हवा हाताला लागते का बघा.

तिसरं, ‘व’ आणि ‘व्ह’. लिहिताना आपण फरक करतो, बोलताना बहुतेक वेळा करत नाही. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू, दात दूर.

चौथं, काही शब्दांचे आखडलेले उच्चार: वेन्झडे, व्हेज्टबल, कम्फ्टबल, रिसीट, सॅमन.

आणि आडनाव. दवाखान्याच्या स्वागतकक्षात फोन केलात, “सरनेम?” विचारलं, तुम्ही कुलकर्णी म्हणालात, पलीकडे शांतता. आता अक्षरं सांगायची. ‘के, यू, एल, के’पर्यंत ठीक जातं. ‘ए’ म्हणालात की पूर्व लंडनच्या कानाला ते ‘ई’ वाटू शकतं, कारण त्यांचा ‘ए’ ‘आय’कडे झुकलेला असतो. तुमचा ‘आर’ कडक, त्यांचा ‘आऽ’. ‘एन’ फोनवर ‘एम’ होतं. म्हणून वैमानिक वापरतात ती यादी पाठ करा: किलो, युनिफॉर्म, लिमा, किलो, अल्फा, रोमिओ, नोव्हेंबर, इंडिया. शेवटच्या अक्षराला ‘इंडिया’ म्हणताना बरंही वाटतं. वाघमारेंनी ‘व्हिस्की’ आणि व्यासांनी ‘व्हिक्टर’ लक्षात ठेवावं. पोस्टकोड सांगतानाही हीच पद्धत वापरा.

दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द: उत्तरेत कुणी “आम पॉअली” म्हणालं तर तो गरिबीबद्दल बोलत नाहीये, त्याला बरं नाहीये. आणि ‘टी’ला बोलावलं तर नुसत्या चहाच्या तयारीने जाऊ नका. उत्तरेत ‘टी’ म्हणजे बऱ्याच घरांत संध्याकाळचं जेवण, आणि ‘डिनर’ म्हणजे दुपारचं.

घरी लहान मुलं असतील तर

ती तुमच्या आधी शिकतील. शाळेत गेली की थोड्याच महिन्यांत ‘बुस’ आणि ‘बॅथ’ म्हणत घरी येतील, ग्लासगोत असाल तर ‘हूस’ म्हणत. अनेक पालक इथे घाबरतात आणि मुलांना ‘नीट’ इंग्रजी बोलायला लावतात. तसं करू नका. वर्गातल्या मुलांसारखं बोलणं ही त्यांची तिथली जागा आहे, आणि पुढे गरज पडेल तेव्हा ती आपोआप दुसऱ्या धाटणीत बोलतील, इथली बहुतेक माणसं तसंच करतात. तुम्ही घरात मराठी बोलत राहा. इंग्रजीची काळजी शाळेचं मैदान घेईल. आणि बसच्या ड्रायव्हरचं बोलणं कळलं नाही तर शेजारी उभ्या असलेल्या आपल्या सात वर्षांच्या मुलीला विचारा. तिला कळलेलं असतं.